जुना करार आणि कोंकणचे शनिवार-तेली

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे समुद्राच्या कांठाकांठानें निघालें म्हणजे वाटेंत आरे आणि वारे हीं दोन गांवें लागतात. खालीं वाळूचे दोन किनारे व सुरूचीं बनें, वर जांभ्या दगडाचा कातळ, आणि कातळांत खड्डे फोडून, त्यांत माती भरून वाढविलेलीं हापूस आंब्याचीं कलमें, असा ह्या मुलखाचा एकंदर थाट आहे. येथल्या बागाईतदाराच्या पोरासही कलमाचें शास्त्र ठाऊक असतें. रायवळ आंब्याची कोय रुजवावयाची, रोपानें मूळ धरलें म्हणजे त्यावर हापुसाची काडी बांधावयाची. मूळ रानटी आणि फांदी घरंदाज, असा तो संसार असतो. हापुसाच्या जुन्या झाडावर रायवळाची काडी बांधणाऱ्याची शेजारीपाजारी थट्टाच करतील.

ख्रिस्ती धर्मग्रंथांत मात्र नेमकें असेंच एक उलटें कलम वर्णिलेलें आहे. प्रेषित पौलानें रोम शहरांतील ख्रिस्ती मंडळीस जें पत्र लिहिलें, त्याच्या अकराव्या अध्यायांत इस्राएल लोकांस त्यानें जोपासलेल्या जैतुनाच्या झाडाची उपमा दिली आहे. त्या झाडाच्या कांहीं फांद्या तुटल्या, आणि त्यांच्या जागीं रानजैतुनाची फांदी, म्हणजे यहूदी कुळांत न जन्मलेले ख्रिस्ती लोक, लाविली गेली. हा प्रकार सृष्टिक्रमाच्या उलट आहे हें पौल स्वतःच कबूल करतो. पहिल्या शतकांतला रोमन शेतीशास्त्रज्ञ कोलुमेल्ला ह्यानें थकलेल्या जैतुनास रानजैतुनाची काडी लावून पुन्हां जोम आणण्याची युक्ति सांगितली आहे खरी; परंतु पौलाचा रोख झाडाच्या जोमाकडे नसून फांदीच्या गर्वाकडे आहे. मूळ तुझ्या आधारावर उभें नाहीं, तूं मुळाच्या आधारावर आहेस, अशा आशयाची ताकीद तो नव्या फांदीस देतो. आणि शेवटीं, देवानें दिलेलीं दानें व केलेलें पाचारण हीं तो परत घेत नाहीं, असा निर्वाळा देतो.

ही ताकीद पुढील अठरा शतकें बहुतेक विसरली गेली. ती कशी विसरली गेली, तिची आठवण पुन्हां कशी झाली, आणि त्या आठवणीशीं आपल्या कोंकणांतील एका लहानशा जमातीचा काय संबंध पोंचतो, हा प्रस्तुत विषय आहे.

प्रथम शब्दाचाच विचार केला पाहिजे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयांत पवित्र शास्त्राच्या दोन भागांस ‘जुना करार’ व ‘नवा करार’ अशीं नांवें रूढ आहेत. ‘करार’ हा शब्द अरबी. फारशीच्या वाटेनें तो आपल्या दफ्तरांत आला आणि करारनाम्याच्या रूपानें कचेरींत कायमचा राहिला. कचेरीचा रिवाज असा आहे कीं, त्याच जमिनीचा, त्याच माणसांशीं नवा करार झाला म्हणजे जुना आपोआप रद्द. त्यामुळें मराठी वाचकाच्या मनांत, पुस्तक उघडण्यापूर्वींच, निकाल लागून गेलेला असतो. मूळ हिब्रू भाषेंतील ‘ब्रीत’ ह्या शब्दास ही कचेरीची छटा नाहीं. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायांत देव अब्राहामाशीं जो ब्रीत करतो, तो पिढ्यान् पिढ्या चालावयाचा आहे, आणि आठव्या दिवशीं मुलाची सुंता ही त्याची खूण आहे. आपल्याकडील कोणती वस्तु ह्याच्या अधिक जवळ येत असेल तर ती करारनामा नसून वतनाची सनद होय.

ही तुलना ओढूनताणून आणलेली नाहीं. ‘नवा करार’ हे शब्द मुळांत ख्रिस्ती नाहींत. ते यिर्मया नांवाच्या यहूदी संदेष्ट्याचे आहेत, आणि त्याच्या ग्रंथाच्या एकतिसाव्या अध्यायांत तो नवा करार इस्राएलाच्या व यहूदाच्या घराण्याशींच व्हावयाचा आहे. त्यालाच लागून, सूर्यचंद्रांचा नियम जोंवर टळत नाहीं तोंवर हें राष्ट्र नाहींसें होणार नाहीं, अशी हमी दिलेली आहे. मराठी सनदांतून आणि शिलालेखांतून ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ हा शब्द ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस ही भाषा परकी वाटणार नाहीं.

तथापि नव्या करारांत दुसराही सूर आहे, आणि तो लपविण्यांत अर्थ नाहीं. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा कर्ता, नवा करार आल्यामुळें पहिला जीर्ण झाला, असें म्हणतो. दोन्ही सूर एकाच पुस्तकांत असल्यामुळें कोणता धरावयाचा हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढें उभा राहिला, आणि बहुतेक पिढ्यांनीं सोयीचा तेवढा धरला. दुसऱ्या शतकांत मार्सियन ह्यानें जुना करार अजीबात टाकून द्यावा असें सुचविलें. ख्रिस्ती मंडळीनें तें नाकारलें, पुस्तक ठेवलें. परंतु पुस्तकाचा वारसा मात्र आपल्याकडे ओढून घेतला. त्याच शतकांतला हुतात्मा जस्टिन ह्यानें ‘खरा इस्राएल’ म्हणजे ख्रिस्ती लोकच, असें एका यहूद्याशीं झालेल्या संवादाच्या रूपानें मांडलें. पांचव्या शतकाच्या सुमारास ऑगस्टीननें मधला मार्ग काढला. यहूद्यांस मारूं नये. ते भटकत राहूनही जुनें शास्त्र जपतात आणि अशा रीतीनें ख्रिस्ताच्या साक्षीदारांचें काम करतात, असें त्याचें म्हणणें. ह्या मतानें त्यांचे जीव अनेक वेळां वांचले, हें खरें. पण साक्षीदारास जगूं देणें निराळें आणि वारसाचा हक्क मान्य करणें निराळें.

जेथें हेंही औदार्य उरलें नाहीं तेथें काय होतें, तें आपल्याच किनाऱ्यावर दिसून आलें. गोव्यांतील पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता ह्याचे आईबाप मूळचे स्पेनमधील यहूदी; पोर्तुगालांत त्यांचा सक्तीनें बाप्तिस्मा झालेला. ओर्तानें १५६३ मध्यें गोव्यास छापविलेल्या आपल्या औषधिविषयक ग्रंथांत आंब्यावरही एक संवाद लिहिला आहे. मुंबई बेट त्याच्याकडे खंडानें होतें. गोव्यास धर्मसमीक्षण-सभा, म्हणजे इन्क्विझिशन, १५६० मध्येंच बसली होती. ओर्ता १५६८ मध्यें वारला. पुढच्याच वर्षीं त्याच्या बहिणीस गुप्तपणें यहूदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यांत आलें, आणि १५८० मध्यें खुद्द ओर्ताचीं हाडें उकरून तीं जाळलीं. बाप्तिस्मा घेतलेल्या मनुष्याच्या घरांत जुन्या कराराचा मागमूसही राहूं नये, ह्या हट्टाचा हा शेवट.

ह्याच काळांत गोव्याच्या उत्तरेस, चेऊल-अलिबागपासून मुरूड-श्रीवर्धनपर्यंतच्या खेड्यांतून, एक जमात तेलाचे घाणे चालवीत होती. शनिवारीं घाण्याचा बैल सुटा असे, म्हणून गांवकरी त्यांस शनिवार-तेली म्हणत. ते स्वतःस बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाचीं लेंकरें, म्हणवीत. नवगांवच्या किनाऱ्यावर पूर्वजांचें गलबत फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, बुडालेल्यांस तेथेंच पुरलें, अशी त्यांची परंपरागत हकीकत आहे. ग्रंथ समुद्रांत गेले आणि हिब्रू भाषा विसरली. राहिलें तें इतकेंच: आठव्या दिवशीं सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे विधिनिषेध, कांहीं उपास व सण, आणि ‘शमा’ ह्या हिब्रू प्रार्थनेचे थोडे शब्द, जे सुंतेला, लग्नाला आणि मरणाला सारखेच म्हटले जात. सणांचीं नांवेंसुद्धां मराठी झालीं: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. गांवांवरून आडनांवें पडलीं: किहीमचे केहीमकर, दिवेआगरचे दिवेकर, राजपुरीचे राजपूरकर. पुढें दाविद रहाबी नांवाचा एक परदेशस्थ यहूदी तेथें आला. हे लोक आपले आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं त्यानें बायकांपुढें नाना जातींचे मासे ठेविले. त्यांनीं पर व खवले असलेले तेवढे निवडून बाकीचे बाजूस सारले, तेव्हां त्याची खात्री पटली, असें सांगतात. शास्त्र हरवलेल्या लोकांनीं शास्त्राची आज्ञा चुलीपाशीं जपून ठेविली होती. पुरुषमंडळींनीं जें विसरावयाचें तें विसरलें असेल. कोळणीच्या पाटींतला मासा निवडणाऱ्या बाईस विसरून चालण्यासारखें नव्हतें.

ह्या लोकांची आणि ख्रिस्ती मताची खरी गांठ एकोणिसाव्या शतकांत पडली. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्यें मुंबईस आले. त्यांनीं नवा करार १८२६ मध्यें आणि संपूर्ण शास्त्र १८४७ मध्यें मराठींत छापून काढलें. स्कॉटिश मिशनऱ्यांनीं आपलें पहिलें ठाणें १८२३ मध्यें मुंबईस न करतां बाणकोटास केलें. सावित्रीच्या खाडीपलीकडे बेने इस्राएलांचीं गांवें सुरू होतात. पुढें हर्णैसही ठाणें झालें, आणि तेथेंच १८२९ मध्यें जॉन विल्सन ह्यांनीं मराठीचे पहिले धडे गिरविले. हेच पुढें मुंबईच्या विल्सन कॉलेजाला ज्यांचें नांव आहे ते डॉक्टर विल्सन.

हे स्कॉटिश लोक कॅल्व्हिनच्या शिकवणींतले होते. जुना व नवा करार हे मुळांत एकाच कृपेच्या कराराचे दोन प्रकार आहेत असें कॅल्व्हिनचें मत होतें, आणि स्कॉटलंडच्या धर्मनिष्ठ घरांतून रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय फार बारकाईनें वाचला जात असे. इस्राएल राष्ट्र टाकलेलें नाहीं, एक दिवस तें सगळें परत येईल, अशी त्यांची अपेक्षा होती. ह्याच अपेक्षेनें स्कॉटलंडच्या चर्चनें १८३९ मध्यें चार उपदेशकांस पॅलेस्टाइनांत पाहणीसाठीं पाठविलें. अशा मनुष्यास कोंकणांत शनिवार पाळणारा तेली भेटल्यावर काय वाटलें असेल, ह्याची कल्पना करतां येते. इतर हिंदी लोकांस तो जें सांगावयास आला होता, त्याचा पूर्वार्ध ह्या तेल्याच्या घरीं आधींच नांदत होता.

विल्सन ह्यांनीं १८३२ मध्यें बेने इस्राएलांसाठीं हिब्रू भाषेचें व्याकरण मराठींत लिहून छापलें. ही गोष्ट वरवर दिसते त्याहून विलक्षण आहे. ज्यांस ख्रिस्ती करावयाचें, त्यांस मिशनरी सामान्यतः आपली भाषा आणि आपलें पुस्तक देतो. येथें त्यानें त्यांस त्यांचीच हरवलेली भाषा परत दिली. मिशनच्या शाळांतून बेने इस्राएलांचीं मुलें शिकूं लागलीं, त्यांच्यांतील कित्येक तेथें शिक्षकही झाले. विल्सन ह्यांनीं १८४३ मध्यें इजिप्त-पॅलेस्टाइनचा प्रवास केला आणि १८४७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या त्या प्रवासाच्या ग्रंथांत कोंकणच्या ह्या जमातीसही जागा दिली. हे लोक ‘यहूदी’ हें नांव न लावतां ‘बेने इस्राएल’ म्हणवितात, त्या अर्थीं ते इस्राएलाच्या हरवलेल्या दहा वंशांपैकीं असावेत, असा त्यांचा तर्क होता. इतिहासाच्या कसोटीला तो टिकला नाहीं.

आतां विल्सनसाहेबांच्या मनांतील पेंच पाहण्यासारखा आहे. करार संपला आहे असें मानावें, तर ह्या तेल्यांस हिब्रू शिकविण्याचें कारण नव्हतें. करार चालूं आहे असें मानावें, तर त्यांस धर्म बदलावयास सांगण्याचें काय प्रयोजन? त्यांनीं दोन्ही गोष्टी एकाच हातानें केल्या. वचन कायम आहे, परंतु त्याची पूर्तता ख्रिस्ताच्या स्वीकारांतच आहे, असें त्यांचें उत्तर होतें; आणि तें प्रामाणिक होतें ह्याविषयीं शंका नाहीं. फळ मात्र निराळें आलें. बेने इस्राएलांनीं व्याकरण घेतलें, शाळा घेतल्या, मराठी शास्त्र घेतलें. बाप्तिस्मा घेतला तो अगदीं मोजक्या व्यक्तींनीं. मुंबईंत त्यांचें सभास्थान १७९६ मध्येंच उभें राहिलें होतें. इंग्रजी पलटणींतील अधिकारी सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेंतून सुटून आले आणि नवसाप्रमाणें त्यांनीं तें बांधलें. आतां त्या सभास्थानांत जें वाचावयाचें तें समजणारी पिढी तयार झाली. कोचीनहून आलेल्या यहूदी शिक्षकांचाही ह्यांत मोठा वांटा आहे. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) ह्यांनीं हिब्रू प्रार्थनापुस्तकें मराठींत उतरविलीं. १८८० नंतर तर अब्राहामाच्या आणि योसेफाच्या आख्यानांवर साक्या-दिंड्यांसह मराठी कीर्तनें होऊं लागलीं. विल्सन ह्यांनीं कलम बांधावयास हात घातला आणि मूळच जोरानें फुटलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

हाईम सामुएल केहीमकर ह्यांनीं ह्या जमातीचा इतिहास १८९७ मध्यें लिहून पुरा केला. तो छापून निघाला १९३७ मध्यें, तेल अवीव येथें. मिशनऱ्यांच्या उपकारांचा उल्लेख त्यांत मोकळ्या मनानें केलेला आहे. केहीमकरांनीं आणखी एक मुद्दा मांडला. आपले पूर्वज ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांत, ग्रीक राजा अंतियोख ह्याच्या जुलुमाच्या वेळीं, मायदेश सोडून निघाले असावेत, असें त्यांचें मत होतें. ह्याला निर्णायक पुरावा नाहीं. पण तें खरें धरलें तर त्याचा एक परिणाम लक्षांत घेण्याजोगा आहे. ख्रिस्ताला नाकारल्यामुळें यहूद्यांचा करार मोडला, असें जें युरोपांत शतकानुशतकें शिकविलें गेलें, त्या आरोपपत्रांत ह्या लोकांचें नांव बसतच नाहीं. ज्यांनीं येशूचें नांव ऐकलें नाहीं त्यांनीं त्यास नाकारलें कधीं? नवगांवच्या वाळूंत उतरलेल्या त्या माणसांनीं जो करार बरोबर आणला, तो कोणत्या दिवशीं आणि कोणत्या कलमान्वयें रद्द झाला, हें आरोप करणाऱ्यांस सांगतां आलें नसतें.

युरोपास हा प्रश्न स्वतःस विचारावयाला फार भयंकर प्रसंग यावा लागला. १९४५ पर्यंत सुमारें साठ लक्ष यहूदी ज्या भूमीवर मारले गेले, ती भूमि बहुतांशीं बाप्तिस्मा घेतलेल्यांची होती. मारणाऱ्यांचें तत्त्वज्ञान वंशद्वेषाचें होतें, ख्रिस्ती नव्हतें, हें म्हणणें खरें आहे. पण वारस नाहींसा झालेला आहे असें शेजाऱ्यांस शतकानुशतकें शिकविलेलें असल्यावर, त्यास प्रत्यक्ष नाहींसा करतांना पुष्कळांनीं पाठ फिरविली, हेंही तितकेंच खरें आहे. १९४७ मध्यें स्वित्झर्लंडांत झेलिसबर्ग येथें ख्रिस्ती व यहूदी जाणत्यांनीं एकत्र बसून ख्रिस्ती शिकवण कोठें सुधारली पाहिजे त्याचे दहा मुद्दे काढले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें इतर धर्मांविषयींचें आपलें निवेदन प्रसिद्ध केलें. त्यांत यहूदी लोकांस देवानें टाकलेले समजूं नये असें सांगून पौलाच्या त्याच अध्यायाचा व त्याच जैतुनाचा आधार घेतला. पोप दुसरे जॉन पॉल १९८० मध्यें जर्मनींत माइन्त्स येथें, देवानें कधींही रद्द न केलेल्या जुन्या कराराचे लोक, असा यहूद्यांचा उल्लेख करून गेले. डिसेंबर २०१५ मध्यें व्हॅटिकनच्या एका मंडळानें जें पत्रक काढलें त्याचें नांवच पौलाच्या त्या निर्वाळ्यावरून घेतलेलें आहे, आणि यहूद्यांस उद्देशून चर्च संस्थेनें खास मिशन चालवूं नये असें त्यांत म्हटलें आहे. विल्सनसाहेबांच्या पेंचाचें हें अर्धें उत्तर झालें. यहूदी आपल्या करारांत आहेत आणि तारण ख्रिस्ताद्वारेंच आहे, हीं दोन वाक्यें एकत्र कशीं बसतात, तें देवाचें गूढ आहे असें सांगून पत्रक थांबतें.

सर्व ख्रिस्ती पंथांस हें मान्य आहे असें मात्र नाहीं. यहूद्यांस सुवार्ता न सांगणें हीच त्यांची उपेक्षा होय असें मानणारे पंथ पुष्कळ आहेत. कराराबरोबर भूमीचाही प्रश्न येतो, आणि तेथें मतभेद अधिकच तीव्र होतो. ज्या स्कॉटलंडच्या चर्चनें १८३९ मध्यें पाहणीसाठीं माणसें पाठविलीं, त्याच चर्चपुढें २०१३ मध्यें, शास्त्रवचनांच्या आधारें त्या भूमीवर हक्क सांगतां येत नाहीं अशा आशयाचा एक अहवाल आला; त्यावर मोठें वादळ होऊन त्याची भाषा बदलावी लागली. ज्यांचीं घरें-शेतें त्या भूमींत गेलीं, त्या पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोकांस कराराची चर्चा निव्वळ धर्मशास्त्राची कशी वाटेल?

बेने इस्राएलांची स्वतःची परीक्षाही संपलेली नव्हती. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक हळूहळू इस्राएलास गेले. तेथें १९६२ च्या सुमारास मुख्य धर्मगुरूंच्या पीठानें त्यांच्या विवाहसंबंधांविषयीं शंका काढून वंशावळीची चौकशी सुरू केली. ज्यांस स्कॉटिश पाद्र्यानें कराराचे लोक म्हणून बिनतक्रार ओळखलें, त्यांस सख्ख्या भावांच्या दारांत ओळख पटवावी लागली. उपोषणें आणि निदर्शनें झालीं, आणि ऑगस्ट १९६४ मध्यें तेथल्या विधिमंडळानें हे लोक सर्व बाबतींत यहूदी आहेत असा ठराव केला.

कोंकणांत आतां थोडीं घरें उरलीं आहेत. अलिबागजवळ खंडाळें येथें एका खडकावर खूण आहे. एलिया संदेष्टा रथांतून स्वर्गास जातांना ती उमटली, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. नवस फेडावयाचा, मंगलकार्य ठरलें कीं, अगर नुसती कृतज्ञता म्हणून, तबकांत गोड पोहे, ओलें खोबरें आणि फळें मांडून ते एलियाच्या नांवानें मलिदा करतात. इस्राएलांत गेलेलीं कुटुंबेंही तो करतात. हा एलिया म्हणजे, इस्राएल लोकांनीं तुझा करार सोडला, मी एकटाच उरलों, अशी देवापाशीं तक्रार घेऊन गेलेला संदेष्टा. पौलानें जैतुनाच्या दृष्टांतापूर्वीं, त्याच अध्यायाच्या आरंभीं, हीच तक्रार आणि देवानें तिला दिलेला नकार सांगितला आहे. यहूदी परंपरेप्रमाणें त्या तक्रारीमुळें एलियास एक काम लागलें: ज्या ज्या घरीं मुलाची सुंता होईल, तेथें साक्षीस हजर राहावयाचें. त्याच्यासाठीं खुर्ची मांडून ठेवतात.